तळ्यात काय तरंगू द्यावं?

या आठवड्याच्या टपालात एक ओलसर पत्र आलंय. आटगावहून तानसा धरणाकडे जाताना लागणाऱ्या एका पाड्यावरची आठवीतली मैत्रीण लिहिते, "काका, सुट्टीत मी आणि माझ्या भावानं परसात तळं खणलं. आता त्यात पाणी साठलंय. मामाकडे कल्याणला गेले होते, तेव्हा उल्हास नदीत जांभळ्या फुलांची तरंगणारी झाडं बघितली. मामा म्हणतो, पिशवी भरून आणून देतो. आणू दे का?"

थांब गं बाई! आधी मामाला निरोप धाड, मग पुढचं वाच.

तू पाहिलीस ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली, अमेझॉनच्या खोऱ्यातली. फूल इतकं देखणं, की हौशी लोकांनी ती बागेतल्या हौदांसाठी जगभर नेली. अगदी तुझ्यासारखीच हौस! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती बंगालात पोचली. तिथले नदी-नाले तिनं असे बुजवले, की १९३६ साली एकट्या जलपर्णीसाठी कायदा करावा लागला. अमेरिकेत तर १९१० साली एका खासदारानं, ही खायला आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, असं विधेयक मांडलं होतं. ते बारगळलं म्हणून बरं, नाहीतर पाणघोडे आवरायला आणखी काय आणलं असतं कोण जाणे.

आता एक गणित करा. हवा-पाणी मानवलं, तर जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. जूनमध्ये एक रोप सोडलं, तर वीस आठवड्यांनी, म्हणजे दिवाळीच्या आसपास किती? दोन, चार, आठ... वहीत करून बघा. १०२४! शिवाय तिचं बी चिखलात वीस-वीस वर्षं जिवंत राहतं. वरची रोपं काढली, तरी ती गेली असं समजू नका.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही बरं का. माझ्याही सिमेंटच्या हौदात मी एकदा तीन रोपं हौसेनं सोडली होती. गणपतीत फुलं आली, शेजारीपाजारी बघायला आले, मी फुशारलो. दिवाळीपर्यंत हौदातलं पाणी दिसेनासं झालं. एका पहाटे बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमिट करतायत. रात्री झाडंसुद्धा श्वास घेतात, पाण्यातला प्राणवायू वापरतात. वर झाकणासारखी गच्च पानं, मग बाहेरची हवा पाण्यात मिसळणार कुठून? ऊनही खाली पोचत नाही, त्यामुळे पाण्यातल्या शेवाळालाही दिवसा प्राणवायू बनवता येत नाही. दुपारपर्यंत निम्मे मासे मेले. मी टोपलीभर जलपर्णी उपसली आणि नाल्यात टाकायला निघालो, तर शेजारच्या आजींनी हटकलं, "अरे, तू इथं टाकशील, पण खाली ती कुणाच्या दारात जाईल?" मी तसाच मागं फिरलो.

आता हाच प्रश्न तुझ्या तळ्याला लाव. श्रावणात तळं भरून वाहणार. ते पाणी ओहोळात, ओहोळ कुठे तलावाला, कुठे धरणाखाली तानसा नदीला मिळणार. नदी वज्रेश्वरीच्या गरम कुंडांजवळून वाहत पुढं वैतरणेत जाते. एक रोप वाहून गेलं की तुझी हौस गावोगावी पोचली! मुंबईचा पवई तलाव आणि आपला तानसा, दोघंही जवळजवळ एकाच वयाचे. पवई १८९१ च्या सुमाराचा, तानसा १८९२ चा. पवईत सांडपाणी शिरलं, त्यावर जलपर्णी पोसली आणि ती काढायला महापालिकेला पुन्हा पुन्हा माणसं नि यंत्रं लावावी लागतात. तानशाचं पाणी अजून मुंबईकर पितात.

मग तळं रिकामंच ठेवायचं का? छे! अझोला आण. हे बोटाच्या नखाएवढं तरंगतं नेचं आहे. त्याच्या पानात एक नीलहरित शेवाळ बिऱ्हाड करून राहतं आणि हवेतला नत्र धरून देतं. चीन आणि व्हिएतनाममध्ये शेतकरी शेकडो वर्षं भातखाचरात ते वाढवत आलेत. कोंबड्या आवडीनं खातात, गाईच्या खाद्यातही मिसळतात. पंचायत समितीच्या गुरांच्या दवाखान्यात विचार, मूठभर कुणाकडे मिळेल ते सांगतील. तळाशी चाळलेली माती, वर थोडा शेणकाला आणि दुपारची सावली एवढं त्याला पुरतं. कडक उन्हात ते लालसर पडतं, घाबरू नकोस, वर कारवीच्या काठ्यांवर फाटकी साडी ताण.

शिंगाडाही चालेल. त्याचं मूळ चिखलात असतं, पण पानांचा चांदणीसारखा गुच्छ वर तरंगतो. देठातला फुगीर भाग कापून पाण्याखाली दाबून बघ, बुडबुडे येतील. तरंगायचं गुपित तेच! गोंडाळ मात्र जपून. कोबीच्या गड्ड्यासारखं गोंडस दिसतं, पण तेही जलपर्णीच्याच वाटेनं जातं. ते फक्त न वाहणाऱ्या टाकीत ठेवावं. आणि अभयारण्यातल्या पाण्यातून काहीही उपटून आणायचं नाही हं.

काहीही लावलंस तरी निम्मं पाणी उघडं ठेव. जास्तीचं दर रविवारी चाळणीनं काढून खताच्या खड्ड्यात टाक, ओहोळात नाही. डासांची अळी खायला, भातखाचरात डोक्यावर चमकता ठिपका असलेले इवले मासे असतात, त्यातले पाच-सहा सोड.

आणि हो, एप्रिलचं काय? धरण उशाला आणि कोरड घशाला, हे शहापूर तालुक्यात कुणाला सांगायला नको. टँकरची वाट बघणाऱ्या आईकडे तळ्यासाठी हंडाभर पाणी मागू नकोस. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही. तेही नसेल तर मूठभर अझोला घमेल्यात काढून सावलीत जगव आणि तळं खुशाल आटू दे. पावसाबरोबर पुन्हा सुरुवात!

मामाची पिशवी वाया घालवू नकोस. त्याला म्हणावं, तळाशी अंथरायला कल्याणहून जाड प्लॅस्टिकचा कागद आण. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही, आणि मला वाटतं तुझ्या तळ्यात पाऊस थांबल्यावर पंधरा दिवससुद्धा राहणार नाही. किती दिवस राहिलं ते मोजून कळव.