औषध म्हणून नव्हे, चव म्हणून

मद्याविषयी डॉक्टरने लिहावे, आणि तेही वैद्यकीय संघटनेच्या स्मरणिकेत, हे काही वाचकांना रुचणार नाही. परंतु अलीकडे आपल्याच स्नेहसंमेलनांतून ‘सिंगल माल्ट’ हा शब्द ज्या आदराने उच्चारला जातो, तो ऐकून एका बालरोगतज्ज्ञाने या विषयावर मत मांडणे मला अस्थानी वाटत नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातन करून, ओक लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवलेली ती स्कॉच सिंगल माल्ट. बाटलीवरचा आकडा म्हणजे तीतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय. आपल्याकडील बहुतेक स्वस्त व्हिस्कींत उसाच्या मळीचे स्पिरिट असते. युरोपात ते व्हिस्की या नावाने विकता येत नाही. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन आणि बंगळुरूला अमृत हे भारतीय सिंगल माल्ट तयार होतात. उष्णतेमुळे तेथे पिंपातून दरवर्षी उडून जाणारा भाग स्कॉटलंडपेक्षा कितीतरी अधिक असतो. (आमच्या मे महिन्यात पिंप ठेवले तर काय उरेल, याची कल्पनाच करावी!)

मी चाखली ती ग्लेनफिडिच, बारा वर्षांची. सिंगल माल्टच्या जगात ही पहिली पायरी मानली जाते, आणि त्यातल्या त्यात परवडणारी. ‘परवडणारी’ हा शब्दही जपूनच वापरावा. आयात स्कॉचवर १५० टक्के शुल्क आकारले जात आले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे.

तोंडाशी निमुळता पेला, ३० मिली व्हिस्की, पाण्याचे चार थेंब. बर्फ नाही, कारण थंडीने गंध दबतो. प्रथम पिकलेल्या नासपतीचा वास आला. मागोमाग केळ्याचा, आणि तो मला फारच ओळखीचा वाटला. आयसोअमाइल ॲसिटेट! किण्वनात यीस्ट हेच रसायन निर्माण करते आणि मुलांच्या औषधी सिरपांना केळ्याचा स्वाद देण्यासाठीही हेच वापरतात. इतकी वर्षे ज्या वासात काढली तोच येथे भेटावा, याची गंमत वाटली. नंतर ओकमधून उतरलेला व्हॅनिलाचा मऊपणा, जिभेवर मधाची छटा, शेवटी किंचित तुरटपणा. चव खरोखर चांगली आहे. ज्यांना अपूर्व अनुभव हवा आहे, त्यांची मात्र थोडी निराशा होईल. तेवढा पेला मला पाऊण तास पुरला.

माझा आक्षेप चवीला नाही. ‘रोज एक पेग हृदयाला बरा’ असे डॉक्टरनेच म्हणण्याला आहे. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, मग बाटली कितीही किमती असो. मद्याचा समावेश कर्ककारकांच्या पहिल्या गटात १९८८ मध्येच झाला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले, की आरोग्यास निर्धोक अशी मद्याची मात्राच नाही. बुधवाऱ्यात आजही एखादी आजी विचारते, “डॉक्टरसाहेब, नातवाला सर्दी झालीय, चमचाभर ब्रँडी देऊ का?” तिला आपण दटावतो. मग मित्राच्या घरी पेला हाती घेऊन तेच वैद्यकशास्त्र आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

या शहराला तरी हे वेगळे सांगायला नको. अकबराचा पुत्र दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरातच मद्याने गेला. बापाच्या आज्ञेने पहारा बसला होता, म्हणून त्याने बंदुकीच्या नळीत दारू भरून आणवली. नळीतला गंज आणि बारूद तीत उतरली, असे जहांगीराने आत्मचरित्रात नोंदवले आहे. पुढे जहांगीराचा स्वतःचा पुत्र परवेझ १६२६ मध्ये येथेच अतिमद्यपानाने गेला. दोघांच्याही पदरी उत्तम हकीम होते.

आता माझ्या विषयाचे. घरी मंडळी जमतात, रात्री उशिरा उठतात आणि तळाशी घोट उरलेले पेले टीपॉयवर तसेच राहतात. सकाळी घरात सर्वांत आधी उठते ते दीड वर्षाचे मूल. केळ्याचा वास असलेले गोडसर सिरप त्याच्या परिचयाचे असते, हे वर आलेच आहे. १० किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एक लहान पेग गेला तर किलोमागे १ ग्रॅम मद्यार्क होतो. लहान मुलाच्या यकृतातील साठा थोडा, त्यात रात्रभराचा उपवास. मद्यार्क नवी साखर तयार होऊ देत नाही, आणि रक्तशर्करा एकाएकी उतरून झटके येऊ शकतात. म्हणून पेले त्याच रात्री विसळावेत, बाटली कुलपात ठेवावी. मूल पेल्यापाशी सापडले आणि सुस्त वाटले, तर ‘झोपू द्या, उतरेल’ असे म्हणत न बसता त्याला थेट रुग्णालयात न्यावे आणि सर्वप्रथम रक्तशर्करा तपासून घ्यावी.