पुंगलीच्या पुलाचे विस्मरण

१६ डिसेंबर म्हटला की ढाक्यातील शरणागतीचे छायाचित्र डोळ्यांसमोर येते. ११ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळचे स्मरण मात्र महाराष्ट्रातही क्वचितच होते. वास्तविक ढाक्याचा मार्ग मोकळा होण्यात त्या सायंकाळचा वाटा मोठा आहे.

लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या पॅरा (मराठा) पलटणीचे सुमारे ७०० जवान टांगाईलजवळ शत्रूच्या पिछाडीस आकाशातून उतरले. मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट पुंगलीच्या पुलावरून जात होती. काही जवान व सामग्री दूर जाऊन पडली. गावकऱ्यांनी ओझी वाहण्यास हात दिला. पूल त्याच रात्री ताब्यात आला आणि शत्रूच्या प्रतिहल्ल्यांनंतरही सुटला नाही. दुसऱ्या सायंकाळी पहिली मराठा लाइट इन्फंट्री येऊन मिळाली. मराठ्यांना मराठे भेटले, तेही पद्मेपलीकडे! १६ तारखेस ढाक्यात प्रथम शिरलेल्या भारतीय सैनिकांत हीच पॅरा पलटण होती.

आपल्या पाठ्यपुस्तकांत याला किती ओळी मिळतात? त्या उडीतील जे जवान आज हयात आहेत, त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. येत्या ११ डिसेंबरला गावोगावच्या शाळांनी त्यांना सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या तोंडची हकिकत लिहून घ्यावी. हे काम पुढील वर्षावर ढकलण्याइतका अवधी आता उरलेला नाही.