रात्री कोणाच्या मोजणार?

झोपेचे विकार ओळखण्याच्या कामी आता नोंदी पाहून शिकणारी संगणकयंत्रे येत आहेत. यंत्र म्हटले की कपाळाला आठ्या घालणारे काही मित्र आपल्यात आहेत. परंतु या यंत्राचे स्वागतच व्हावयास हवे. रुग्णाच्या डोक्याला, छातीला, बोटाला तारा जोडून रात्रभर घेतलेली नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांनी वाचावी लागते. आठ तासांच्या झोपेचे असे 960 तुकडे होतात. दोन जाणकारांनी एकच रात्र वाचली, तरी पाचांतल्या जवळजवळ एका तुकड्याबाबत त्यांचे एकमत होत नाही. माणसांनी वाचलेल्या हजारो रात्रींवरून शिकलेले यंत्र हेच काम काही मिनिटांत करते. झोपेत श्वास वारंवार दहा किंवा अधिक सेकंद अडकण्याच्या विकाराचे भारतात सुमारे 10 कोटी रुग्ण असावेत, असा अंदाज दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी 2023 साली मांडला. त्यांतील बहुतेकांना आपण नुसते घोरतो असेच वाटते. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या चालकाला हा विकार असेल, तर धोका त्याच्या एकट्याचा नाही.

पण हे यंत्र कोणाच्या रात्री पाहून शिकले? मुख्यतः पाश्चात्य देशांतील प्रयोगशाळांत निजलेल्या माणसांच्या. आमच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील रात्र निराळी आहे. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड जोडपे पहाटेच्या अंधारात कोपीतून फडात जाते; गाडी भरण्यासाठी मुकादमाची हाक अपरात्रीही येते, आणि उचल फिटेपर्यंत नाही म्हणण्याची सोय नसते. संगमनेर-राहुरीकडचा शेतकरी, वीज रात्री येते म्हणून, बिबट्याच्या भीतीने बॅटरी हाती घेऊन दारे धरतो. यंत्र त्याच्या नोंदीवर निद्राविकाराचा शिक्का मारील. वीज किती वाजता आली, हे विचारायला त्याला कोणी शिकविलेले नाही. दिवसा वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. ती जेथे पोचली नाही, तेथील निद्रानाशाचे औषध वीज मंडळींच्या वेळापत्रकात आहे.

2020 साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी गेल्या. रात्रभर नोंद ठेवणारे तसेच उपकरण व तिचे वाचन करणारी यंत्रणा, एवढ्यावर पहिली चाळणी होऊ शकते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि हंगामात ऊसतोडणीच्या तळांवर आली पाहिजे. कारखान्यांकडून कामगार कल्याणासाठी टनामागे घेतल्या जाणाऱ्या रकमेतून हा खर्च व्हावा. अंतिम निर्णय डॉक्टरचाच असावा, आणि नोंदी कोणा कंपनीच्या मालकीच्या होऊ नयेत. श्वास मोकळा ठेवणारे मुखवट्याचे यंत्र हजारो रुपयांना मिळते; ते शासनाने दिले नाही, तर निदान फुकट आणि उपचार विकत असा प्रकार होईल.

येत्या गळीत हंगामात कार्यकर्त्यांनी तळांवर जाऊन एक साधी वही ठेवावी: गाडी किती वाजता भरली, वीज किती वाजता आली, माणूस किती तास निजला. यंत्र येईल तेव्हा तिच्यासोबत ही वहीही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवता येईल.