'उगीच' फिरण्याविषयी

"काय काम आहे तिकडे?" रविवारी मी सायकल बाहेर काढली, की आमच्या घरात हा प्रश्न ठरलेला! वाणसामान आणायचे असेल, धाकट्या भावाला क्लासला सोडायचे असेल, तर मुलीने सायकल नेण्यास कुणाची हरकत नसते. परंतु "काम काही नाही, उगीच फिरून येते," असे म्हटले, की आईच्या कपाळाला आठी पडते. या 'उगीच'ची बाजू मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आईचा दोष नाही. आमच्याकडे सायकल आली ती बाबांच्या दुधाच्या रतिबासाठी. पहाटे चारला हँडलला किटल्या अडकवून निघणाऱ्याला सायकल म्हणजे चैन कशी वाटावी? सरकारलाही मुलीची सायकल आठवते ती शाळेपुरती. बिहारने २००६ साली शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून विद्यार्थिनींना सायकली मिळाल्या. गोष्ट फार चांगली. पण शाळा सुटल्यावर त्याच मुलीने थोडी वाट वाकडी केली, तर?

माझी वाकडी वाट नालासोपारा स्टेशनच्या गर्दीतून पश्चिमेला निघते. प्रथम सोपारा गाव. येथील बौद्ध स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणला. बारावी होईपर्यंत मी तो पाहिला नव्हता. कारण तिथे माझे 'काम' नव्हते! पुढे गास, वाघोली, निर्मळ. इमारती विरळ होतात, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या लागतात, अंगाला गार वारा लागतो. निर्मळच्या तळ्याकाठी घटकाभर टेकावे आणि वाटल्यास कळंबच्या सुरूंपर्यंत जावे. कुठे पोहोचायची घाई नाही, म्हणून कुठेही थांबता येते. रिक्षातून रस्ता दिसतो. गाव दिसते ते सायकलवरूनच.

एकदा वाटेत चेन पडली. मोगऱ्याच्या कळ्या खुडणाऱ्या एका मावशींनी हात धुवायला पाणी दिले. त्या कळ्या दादरच्या बाजारात जायच्या होत्या. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा इकडच्या गावांनी 'आम्हाला वगळा' म्हणून आंदोलन केले होते. वर्गातल्या चर्चेत मी मोठ्या तोऱ्यात विचारले होते, "विकासाला विरोध कशाला?" त्या ताटव्यापाशी बसल्यावर उत्तर सापडले असे नाही, पण त्या गावांचा प्रश्न प्रथमच कळला. हे मला कोणत्या तासाला शिकायला मिळाले असते?

कुणी म्हणेल, मुलीची काळजी वाटते. काळजी खरी आहे. म्हणूनच मी दिवेलागणीच्या आत घरी परतते. पण काळजी वेगळी आणि मनाई वेगळी. मुलगे नाक्यावर तासन् तास उभे राहतात, त्यांना कोण काम विचारतो?

मैत्रिणींनो, पूर्वी मी लायब्ररीचे नाव सांगून निघत असे. आता खरे तेच सांगते. आईची आठी अजून गेलेली नाही. मात्र परवा परतल्यावर तिने हळूच विचारले, "निर्मळचं तळं भरलंय का गं?" लग्नानंतर एकदा ती तिथल्या जत्रेला गेली होती. त्यानंतर तिला तिकडे काही काम पडले नाही.