श्वास मोजा, पण तपासणी टाळू नका

गेल्या दिवाळीला मी बडोद्याला घरी गेले, तेव्हा आजीने मला तासाभरात तीनदा विचारलं, "कधी आलीस गं?" पहिल्यांदा मी हसले. तिसऱ्यांदा आई माझ्याकडे बघत राहिली. चकलीच्या पिठात मीठही दोनदा पडलं होतं. जी आजी पन्नास माणसांचा स्वयंपाक नुसत्या अंदाजाने करायची, तिचं हे असं होतंय हे कुणालाच बोलून दाखवायचं नव्हतं.

आत्याने उपाय सांगितला, "वय झालं की होतं असं. रोज प्राणायाम करू दे, डोकं तल्लख राहतं." फॅमिली ग्रुपवर तसे व्हिडिओही येऊ लागले. आजीने मनापासून सुरुवात केली. कमाटीबागेत मैत्रिणींबरोबर चार महिने एक दिवस चुकवला नाही. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. विसरणं मात्र तसंच राहिलं.

ते चार महिने आठवले की मला अजून हळहळ वाटते. का, ते पुढे सांगते. आधी बघूया, श्वासाचा आणि मेंदूचा खरंच काही संबंध आहे का?

संथ श्वास घेतला की काय होतं?

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. हा चढ-उतार निरोगी शरीराची खूण आहे. तरुणपणी तो जास्त असतो, वयाबरोबर कमी होत जातो. एरवी आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. तोच वेग सहावर आणला, तर ठोक्यांचा हा चढ-उतार खूप वाढतो आणि शरीराला शांत करणारी मज्जासंस्था पुढे येते.

गंमत म्हणजे, आपल्या जपाचा वेगही याच्या आसपासच असतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास छापला होता. लॅटिनमधली प्रार्थना माळेवर म्हणताना आणि एक संस्कृत मंत्र जपताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. आजीच्या हातातली माळ हेच काम करत होती, कुणी न शिकवता!

मग स्मरणशक्तीचं काय?

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासाची बरीच चर्चा झाली. त्यात १०८ जण होते, निम्मे १८ ते ३० वयाचे आणि निम्मे ५५ ते ८० वयाचे. एका गटाने स्क्रीनवरच्या खुणेनुसार संथ श्वास घेतला. दुसऱ्या गटाने शांत संगीत ऐकत किंवा समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणत ठोके स्थिर ठेवायचा प्रयत्न केला. दिवसातून दोनदा, प्रत्येकी २० मिनिटं, महिनाभर.

नंतर रक्त तपासलं, तेव्हा संथ श्वास घेणाऱ्यांमध्ये अमायलॉइड बीटा या प्रथिनाचं प्रमाण कमी झालेलं आढळलं, तरुणांमध्येही आणि वयस्कांमध्येही. अल्झायमरमध्ये हेच प्रथिन मेंदूत साचत जातं.

इथेच थांबून नीट समजून घ्यायला हवं. हे प्रमाण रक्तातलं होतं आणि अभ्यासातले लोक निरोगी होते. कुणाचा स्मृतिभ्रंश बरा झाला किंवा टळला, असं त्यातून सिद्ध होत नाही. आमच्या ग्रुपवरच्या व्हिडिओंनी नेमकं हेच वाक्य गाळलं होतं.

आजीला काय झालं होतं?

चार महिन्यांनी आजी बागेतून घरी येताना रस्ता चुकली. तीस वर्षांचा ओळखीचा रस्ता! मग आम्ही डॉक्टरांकडे धावलो. बी १२ जीवनसत्त्व खूप कमी निघालं आणि दोन्ही कानांनी ऐकूही कमी येत होतं. आम्ही ज्याला विसरणं म्हणत होतो, त्यातलं बरंच तिला नीट ऐकूच आलेलं नव्हतं.

इंजेक्शनं सुरू झाली, कानाला मशीन आलं. सहा महिन्यांत आजी पुष्कळ सावरली, पण सगळं परत आलं नाही. नावं अजून अडतात. लवकर गेलो असतो तर किती फरक पडला असता, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. तो प्रश्न घरात तसाच राहिलाय.

भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण प्रत्येक विसरणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. बी १२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांमुळेही विसरायला होतं आणि यांवर उपचार आहेत. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीचा रस्ता चुकणं, पैशांच्या हिशेबात गोंधळ, ही लक्षणं दिसली तर थांबू नका. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

घरी असं करा

- सकाळच्या चहाआधी, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसा. पाय जमिनीवर टेकलेले असू द्या.
- मनात पाच आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, पाच मोजत सोडा. पाच जमत नसतील तर तीन-चार चालतील.
- श्वास रोखून धरू नका. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत, हळूहळू वाढवा.
- आकडे लक्षात राहत नसतील तर भ्रामरी करा. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो.
- चक्कर आली किंवा छातीत दडपल्यासारखं वाटलं, तर लगेच थांबा.
- रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा हर्निया असेल, तर कपालभाती आणि भस्त्रिका डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर संथ श्वासही विचारूनच सुरू करा.
- चालणं, रक्तदाब-साखरेवर ताबा, कान-डोळ्यांची तपासणी आणि चार माणसांत गप्पा, हेही मेंदूसाठी तितकंच गरजेचं.

शक्य असेल तर आजी-आजोबांना एकटं करायला सांगू नका, बरोबर बसा. मी बेंगळुरूहून रोज साडेसहाला व्हिडिओ कॉल लावते. आजी मोजते, मी श्वास घेते. कधी ती चारवर अडते, मग मी पाच म्हणते. दहा मिनिटं झाली की ती विचारते, "उद्या लावशील ना गं?"

हा प्रश्न मात्र तिने रोज विचारला तरी चालेल.