टाउन हॉल कोणाचा?

भिलाईत टाउन हॉल असावा, असे कोणी म्हटले की आपल्या मराठी अधिकारीवर्गाची दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले असे की, टाउन हॉल ही इंग्रजी अमदानीतील चीज. स्वतंत्र भारताने उभारलेल्या पोलादनगरीला तिची गरज काय? दुसरे याच्या नेमके उलट. ते देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुंबईचा टाउन हॉल उभा राहतो, त्याच्या तीस पायऱ्या आणि आठ डोरिक खांब आठवून ऊर भरून येतो, आणि ‘बांधायचा तर तसा बांधा, नाही तर नको’ असा निकाल मिळतो. आम्हांस ही दोन्ही उत्तरे सारखीच आळशी वाटतात.

मुंबईच्या वास्तूचे गुणगान करणाऱ्यांपैकी कितीकांनी तिची जन्मकथा पाहिली आहे? 1804 साली मुंबईत साहित्यसंस्था स्थापन करणाऱ्या सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी 1811 मध्ये टाउन हॉलची कल्पना मांडली. पैशासाठी लॉटरी काढली. कर्नल टॉमस कूपर यांच्या आराखड्यानुसार 1821 मध्ये बांधकाम सुरू झाले आणि 1833 मध्ये पुरे झाले. मधल्या काळात जमलेला पैसा संपला, तेव्हा उरलेला खर्च कंपनी सरकारने उचलला. त्या मोबदल्यात इमारतीत आपल्या कचेऱ्यांसाठी जागा घेतली. नगराच्या नावाने आरंभलेली इमारत अशी सरकारच्या पदरात पडली. पुढे 1 नोव्हेंबर 1858 रोजी राणीचा जाहीरनामा वाचला गेला तोही याच पायऱ्यांवरून. राज्य कोणाचे झाले हे नगराला येथे ऐकवले गेले. नगराचे मत विचारण्याची सोय त्या समारंभात नव्हती. नगरपालिकेने अखेर बोरीबंदरासमोर आपली वेगळी वास्तू बांधली, ती स्टीव्हन्सच्या हातून 1893 मध्ये पुरी झाली. टाउन हॉलला लोक ‘एशियाटिक’ म्हणू लागले आणि नावातले ‘टाउन’ गळून पडले.

एशियाटिक सोसायटीविषयी आमच्या मनात आदरच आहे. ज्या संस्थेशी भाऊ दाजी आणि महामहोपाध्याय काणे यांची नावे निगडित आहेत, तिला उणे बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्या भव्य वास्तूतील खरा टाउन हॉल कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही पायऱ्यांकडे बोट दाखवू. आत एल्फिन्स्टन, माल्कम आणि नाना शंकरशेट यांचे संगमरवरी पुतळे आहेत. बाहेर जिवंत माणसे बसतात. परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, सुटी झालेला कारकून, बोलायला दुसरी जागा नसलेले तरुण जोडपे. तेथे तिकीट नाही की निमंत्रणपत्रिका नाही. कूपरसाहेबांनी पायऱ्या वास्तूचा दिमाख वाढावा म्हणून घातल्या असतील, नगराने त्यांचे बैठकीत रूपांतर केले. खांबांची नक्कल करू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

कोल्हापूरचा टाउन हॉलही मेजर चार्ल्स मँट यांनी काळ्या दगडात, उंच निमुळत्या मनोऱ्यांसह 1872 ते 1876 या वर्षांत बांधला. आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझमूर्ती पाहण्यास जरूर जावे. पण कोल्हापूरकरांनी आपली गाऱ्हाणी त्या समुद्रदेवाला सांगावीत की काय, ते कळत नाही. आणि आपल्या अगदी शेजारचे रायपूर? तेथील टाउन हॉल व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या नावाने उभा राहिला, तोही कलेक्टर कचेरीच्या आवारात. साहेबाच्या फाटकातून आत गेल्यावर नागरिकाने नागरिक व्हावे, अशी ती योजना!

तेव्हा पहिल्या आक्षेपकांचे अर्धे म्हणणे आम्हांस मान्य आहे. इंग्रजांनी नगराला घर दिले, पण किल्ली आपल्याजवळ ठेवली. प्रश्न असा की, आपण काय केले?

भिलाईचा करार 1955 चा, पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राजेंद्रबाबूंच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. ओसाड माळावर सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते झाले, झाडे लागली. राष्ट्राने अभिमान बाळगावा असेच ते काम. परंतु या वसाहतीत घर कारखान्याचे, शाळा कारखान्याची, इस्पितळ कारखान्याचे, आणि सेक्टर एकमधील नेहरू सांस्कृतिक भवनही कारखान्याचेच. ‘सिव्हिक सेंटर’ असे भारदस्त नाव जेथे दिले, तेथे बाजारपेठ आहे. नागरिकत्वाचे केंद्र म्हणून आम्ही तेथे जातो आणि मोजे घेऊन परततो. महानगरपालिका आली ती 1998 मध्ये, भट्टी पेटल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी.

याच नगरीत 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. सभागृह असते तर गोळी चालली नसती, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. पण ज्या नगरात बोलणाऱ्याला रुळांखेरीज जागा सापडत नाही, त्या नगराच्या रचनेविषयी काही विचारावेसे आपल्यापैकी किती जणांना वाटले? आमच्या कानांवर आली ती हळहळ गाड्या रद्द झाल्याची.

येथे खरा रोग आहे, आणि तो इमारतीचा नसून आपला आहे. ‘आम्ही बदलीची माणसे’ हे आपले ब्रीदवाक्य. पगार येथे घ्यायचा, भूखंड पुण्यात पाहायचा. छत्तीसगडला हा मराठी माणूस नवा नाही. बिंबाजी भोसले निदान रतनपुरास राहत होते. 1787 मध्ये ते वारल्यावर नागपूरकरांनी हा मुलूख सुभेदारांच्या हाती दिला, आणि सुभेदारांचे लक्ष वसुलीवर व नागपूरकडे. आपणही अशाच सुभेदारीत रमलो आहोत. याच भूमीत माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले, तेही हिंदीत, येथल्या लोकांसाठी. त्यांची तसबीर आपण सभेत लावतो, हार घालतो आणि कोजागरीच्या वर्गणीकडे वळतो.

आमची मागणी लहान आहे. पालिकेच्या मालकीचे एक सभागृह पॉवर हाऊसच्या बाजूला असावे, जेथे पाळी संपलेला कामगार पायी येऊ शकेल. त्याला डोरिक खांब नकोत. रुंद पायऱ्या आणि खोल ओसरी असावी, कारण येथला मे महिना ग्रीक नाही. पुढच्या रांगेत सोफे नकोत. एका खोलीत पालिकेचा जमाखर्च कोणालाही वाचता येईल असा ठेवावा, आणि सभेसाठी जागा मागणाऱ्याला ‘विषय काय?’ असे विचारू नये.

अर्जाचा मसुदा आम्ही हिंदीत करून ठेवला आहे. आजवर त्यावर सतरा सह्या झाल्या. त्यांत मराठी नावे दोन, आणि त्यांपैकी एकाची मार्चमध्ये बदली झाली.