चुंबकाची मोटर अन् पाच एचपीचा पंप

तांब्याच्या तारेची कॉइल, चाकावर चुंबकं, रीड स्विच अन् दुचाकीची बॅटरी एवढ्यावर मोटर घरी फिरते, त्यात खोटं काही नाही. पोरांनी जरूर करावी. स्विच जरा मागं-पुढं सरकवत बसायचं. चुंबक कॉइलसमोरून पुढं गेल्यावर झटका बसला तर चाक ढकललं जातं, आधीच बसला तर तीच कॉइल चाक अडवते. कॉइलवर डायोड टाका, नाहीतर ठिणगीनं स्विचचे पॉइंट जळतात.

पण ट्यूनिंग करून अँपिअर उतरले म्हणजे फुकटची वीज मिळाली, असं नाही. दांड्याला बोट लावा, जोरही उतरलेला कळतो. 5 एचपी म्हणजे 3730 वॅट. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 84 वॅट-तास. आपला पंप त्यावर दीड मिनिटसुद्धा चालायचा नाही.

व्हिडिओत बॅटरी उलट चार्ज झालेली दाखवतात. चार्जिंगनंतर लगेच व्होल्ट चढेच दिसतात हो! रात्रभर ठेवा, मग बल्ब लावून किती वेळ जळतो ते बघा.

रात्रीच्या लाइटीला वैतागलेला शेतकरीच असल्या मोटरीला पैसे मोजतो. विकणाऱ्याला म्हणावं, बॅटरी काढ, पंप चालू ठेव, मग बोलू.